जमिनीची भीती वेगळी, माणसाची वेगळी

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने:

मी छत्तीस वर्षांची आहे. पुण्यात एका खाजगी कंपनीत अकरा वर्षे नोकरी केली. तिथेच लग्न झाले आणि चार वर्षांनी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. त्या चार वर्षांत माझ्या पगाराचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असायचे आणि बसभाड्यासाठीही मला त्याच्यापुढे हात पसरावा लागायचा. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी नोकरी सोडली आणि काटोल तालुक्यातील आमच्या गावी परत आले. नऊ एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि सातबारा बाबांच्या नावावर आहे. मोठा भाऊ हैदराबादला असतो. पहिल्याच वर्षी झाडांवर डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) आला म्हणून शेजारच्या गावातील नर्सरीवाल्यांना बोलावले. ते चाळिशीचे आहेत. पत्नी आजारपणात गेली, नऊ वर्षांची मुलगी आहे. तेव्हापासून ते अधूनमधून येतात. मी त्यांना प्रत्येक कामाचे पैसे पाकिटात घालून देते आणि ते आपल्या नर्सरीच्या पावतीबुकातून मला पावती देतात. तान्ह्या पोळ्याला ते मुलीला आणि तिच्या लाकडी बैलाला घेऊन आमच्याकडे आले. आईने मुलीला बोजारा, म्हणजे या सणाची भेट, दिली. निघताना त्यांनी मला लग्नाविषयी विचारले, आणि अंबियाचा माल (दिवाळीच्या सुमारास तोडणीला येणारी संत्री) निघेपर्यंत विचार करा, मला घाई नाही, असे सांगितले. दादाला कळल्यावर तो म्हणाला, "त्याला तू नको आहेस, नऊ एकर पाहिजेत." मला त्यांच्याविषयी ओढ वाटते, पण हे प्रेम आहे की एकटेपण, हे कळत नाही. एकदा त्यांची परीक्षा पाहावी म्हणून मी खोटेच सांगितले की बगीचा विकायला काढला आहे. माणसावर विश्वास ठेवणे मला जमत नाही. माझ्यात काही बिघडले आहे का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेले आहेत. तुमच्यात काहीही बिघडलेले नाही. ज्या बाईला स्वतःच्याच कमाईतून बसभाडे मागून घ्यावे लागले, तिने पुढे पै-पैचा हिशेब स्वतःच्या हातात ठेवला तर तो शहाणपणा आहे. "आता जरा मोकळी हो", असे मैत्रिणी सांगतात, हे तुम्ही लिहिले आहे. तसे सांगणाऱ्यांचे एटीएम कार्ड कधी दुसऱ्याच्या खिशात गेले नसावे. सावधपणा सोडा असे मी मुळीच सांगणार नाही. तो कुठे कामाचा आहे आणि कुठे केवळ सवयीने चालू आहे, एवढे मात्र आपण दोघींनी पाहायला हवे.

मूळ पत्र सहा पानांचे आहे आणि त्यातील चार पाने जमिनीविषयी आहेत. या गृहस्थांविषयी तुम्ही एखादी चांगली गोष्ट लिहिता आणि लगेच पुढच्या ओळीत सातबारा येतो. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या मनात दोन भीती आहेत आणि त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की तुम्हाला त्या एकच वाटतात. जमीन हातची जाईल, ही पहिली. हाही माणूस पुढे पहिल्यासारखाच निघेल, ही दुसरी. पहिलीवर कागदोपत्री उपाय आहे. वकील, तलाठी आणि दुय्यम निबंधक यांच्या दारी तो मिळतो. दुसरीवर कोणत्याही कचेरीत उपाय नाही. या दोन्ही भीती एकत्र राहतील तोवर हे गृहस्थ तुम्हाला नीट दिसणारच नाहीत, कारण त्यांनी काहीही केले तरी ते नऊ एकरांसाठी केले असेल का, हीच शंका आधी येईल. शिवाय, स्पष्टच लिहिते, पहिल्या भीतीच्या आड दुसरी लपवणे सोयीचे असते. जमीन राखणारी बाई गावात कर्तबगार ठरते आणि माणसाला घाबरणारी बाई बिचारी ठरते. तुम्हाला बिचारे व्हायचे नाही, हे मी समजू शकते.

तेव्हा आधी जमिनीचे पाहू. जमीन आजोबांपासून चालत आलेली वडिलोपार्जित आहे, की बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून हे पहिल्यांदा पाहावे. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तुम्हाला दादाइतकाच जन्मतः हक्क आहे. तुमचे लग्न झाले, मोडले किंवा पुन्हा झाले, तरी तो कमी होत नाही. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे का, हा वाद बरीच वर्षे चालला आणि तसे आवश्यक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तुमचे बाबा आजही सोबत आहेत, त्यामुळे तुम्हाला त्या वादाशी कर्तव्य नाही. जमीन बाबांची स्वकष्टार्जित असेल, तर ती कोणाला द्यायची हे ते मृत्युपत्राने ठरवू शकतात. मृत्युपत्र नसल्यास त्यांच्या पश्चात आई, दादा आणि तुम्ही असे तीन सारखे वाटे होतील. आजी हयात असल्यास तिचाही एक वाटा धरावा लागेल.

आता दादाच्या आक्षेपाचे उत्तर कायदा काय देतो ते पाहा, कारण तुम्हा दोघांनाही ते ठाऊक नसावे असे वाटते. बायकोच्या मालकीच्या जमिनीत, ती हयात असताना, केवळ नवरा या नात्याने कोणालाही मालकी मिळत नाही. तिने मृत्युपत्र केले नाही, तर तिच्या पश्चात सामान्यतः मुले आणि नवरा हे वारस असतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये एक अपवाद आहे. आई किंवा वडील यांच्याकडून वारसाने आलेली मिळकत असेल आणि त्या स्त्रीला स्वतःचे मूल नसेल, तर ती मिळकत नवऱ्याकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे दादाला ज्याची धास्ती आहे, ते अशा परिस्थितीत आपोआप घडत नाही. नवऱ्याच्या पहिल्या पत्नीची मुलगीही या कलमाच्या अर्थाने तुमची मुलगी धरली जात नाही. पुढे तिच्यासाठी काही ठेवावेसे वाटले, तर तुम्हाला स्वतः मृत्युपत्र करावे लागेल, आणि तेही तुमच्या इच्छेने. बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीला हा अपवाद तसाच लागू होत नाही. म्हणून बाबांनी नेमका कोणता कागद करावा, हे वकिलाशी बोलून ठरवावे. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत देताना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात उत्पन्नाची अट नाही. नागपूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे अर्ज करायला संकोच करू नका.

बाबांचा उजवा हात चालत नाही, पण बोलणे आणि समजणे पूर्ववत आहे, असे तुम्ही लिहिता. मृत्युपत्रासाठी तेवढे पुरेसे आहे. सहीऐवजी अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि बाबा शुद्धीत आहेत व त्यांना समजते आहे असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडलेला बरा. नोंदणी सक्तीची नसली तरी अवश्य करावी; आजारी माणसासाठी निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. हे सगळे तुमच्या लग्नासाठी करायचे नाही. बाबांची प्रकृती पाहता ते यापूर्वीच व्हायला हवे होते. मात्र एकदा ते झाले की या गृहस्थांना "हो" म्हणा की "नाही" म्हणा, नऊ एकर जिथल्या तिथे राहतील.

दादाविषयी एक-दोन शब्द लिहिते. त्याचे वाक्य कडू आहे. पण बाबांच्या उपचाराचा खर्च तोच पाठवतो आणि पहिल्या लग्नाच्या काळात तुम्हाला घरी आणायला पुण्याला तोच आला होता, हे तुम्हीच लिहिले आहे. ज्याने बहिणीला एकदा त्या अवस्थेत पाहिले आहे, तो दुसऱ्या माणसाकडे संशयाने पाहणारच. त्याच्या काळजीत वाटणीचा हिशेब किती मिसळला आहे, हे मला नागपुरात बसून सांगता येणार नाही. पण मृत्युपत्राच्या बोलण्याला त्याला बोलावले की ते तुम्हाला आपसूक दिसेल. त्याला वगळून काहीही करू नका. एक मात्र म्हटल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे मुलगा शहरातून शेतीवर परत आला आणि त्याने लग्न केले, तर येणारी सून किती एकरांसाठी आली, असे कोणी विचारत नाही. मुलगी परत आली की तिच्या दारात येणारा प्रत्येक जण जमीन मोजायलाच आलेला असतो.

आता माणसाकडे वळू. तुम्ही त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले आहे, परंतु जे लिहिले आहे ते बारकाईने लिहिले आहे. पहिल्या दिवशी त्यांनी खोडावरचा डिंक आणि सडलेली साल चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून काढली, जखम धुतली, बोर्डो मलम लावले. पुढच्या झाडाला चाकू गड्याच्या हातात दिला आणि तिसऱ्या झाडाला तुमच्या हातात. ओलिताचे पाणी खोडाला लागते आहे म्हणून आळे बदलायला सांगितले. सहा आठवड्यांनी पुन्हा येऊन कोणती जखम भरली आणि कोणती नाही, हे पाहिले. तुम्ही दिलेले पाकीट त्यांनी मोजून घेतले आणि पावती फाडून दिली. या पावतीचे तुम्हाला वाईट वाटले. त्यांनी परकेपणा दाखवला असे तुम्हाला वाटले. मला ते अगदी उलट दिसते. "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे" असे म्हणून पाकीट परत करणे त्यांना सोपे होते, गावात त्याला मोठेपणाही मिळाला असता, आणि तुमच्यावर उपकाराचे ओझे राहिले असते. तुम्हाला कोणाचे देणे नको आहे, हे त्यांनी न सांगता ओळखले आणि तुमच्या पद्धतीने व्यवहार केला. पहिल्या नवऱ्याने पैशाच्या बाबतीत तुमची पद्धत कधी विचारली होती का?

दुसरा प्रसंग सौद्याचा. व्यापारी मृगाचा बहार (पावसाळ्यात फुलणारे संत्र्याचे पीक) पाहायला आला, हे गृहस्थ बगीच्यात उभे होते, आणि व्यापाऱ्याने रीतीप्रमाणे तुम्हाला डावलून भाव त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. तेव्हा ते म्हणाले, "बगीचा मॅडमचा हाये, भाव त्यायलेच पुसा," आणि बोअरवरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. तुम्ही इसार घेतला, कमी घेतला असे त्यांना नंतर वाटले, आणि ते त्यांनी विचारल्यावरच सांगितले. पुरुषाने स्त्रीच्या वतीने बोलणे हा आपल्याकडे काळजीचा प्रकार समजला जातो. त्या कडुलिंबाखाली जाऊन बसण्याला म्हणूनच मी बरेच महत्त्व देते.

तिसरी गोष्ट तुमच्या परीक्षेची, आणि इथे मी तुमच्या बाजूने नाही. बगीचा विकायला काढला आहे, असे तुम्ही सांगितले. त्यांनी थोडा वेळ गप्प राहून विचारले की कर्ज किती आहे, आणि विकायचाच असेल तर झाडावरच्या फळासकट विकू नका, फळाचा सौदा वेगळा करा आणि जमीन वेगळी विका, नाहीतर बहाराचे पैसे जमिनीच्या भावात बुडतील, असा सल्ला दिला. तुम्हाला वाटले की त्यांना काहीच वाटले नाही. अहो, ज्याचा डोळा बगीच्यावर आहे तो तो विकण्याची रीत कशाला शिकवेल? परंतु माझा आक्षेप निकालावर नाही, परीक्षेवरच आहे. त्यांना ठाऊक नसलेल्या प्रश्नपत्रिकेवर तुम्ही त्यांना गुण देत आहात. अशा परीक्षेत पास झालेल्या माणसावरही विश्वास बसत नाही, कारण परीक्षा घेणाऱ्याला लगेच पुढची परीक्षा सुचते. आणि उद्या ही गोष्ट त्यांना दुसरीकडून कळली, तर तुमच्यावर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न त्यांना पडेल आणि तो रास्त असेल. म्हणून त्यांच्याशी पुढचे कोणतेही बोलणे होण्यापूर्वी हे खोटे होते, आणि का होते, हे तुम्ही स्वतः सांगावे. ते कसे ऐकून घेतात, यावरून तुम्हाला जे कळेल ते दहा गुप्त परीक्षांतून कळणार नाही.

एवढ्यावरून मी त्यांना प्रमाणपत्र देते आहे असे समजू नका. तुम्हाला अद्याप पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत. नर्सरीवर कर्ज किती आहे? पत्नीच्या आजारपणातले देणे फिटले का? घरात त्यांची आई आहे, तिला हे ठाऊक आहे का? मुलगी रात्री कोणाजवळ झोपते, आजारी पडली तर शाळेतून कोण आणते? दारू, राग, भाऊबंदांशी कोर्टकचेरी यांपैकी काही आहे का? हे सगळे चौकशी म्हणून इतरांकडून काढण्याऐवजी समोरासमोर विचारावे, आणि तुमच्याकडची तीच माहिती, म्हणजे सोसायटीचे पीककर्ज, बाबांच्या औषधांचा खर्च, पहिल्या लग्नाची हकीकत, तेवढ्याच सरळपणे द्यावी. पहिल्या लग्नाविषयी त्यांना फक्त "जमले नाही" एवढेच ठाऊक आहे, असे दिसते. एटीएम कार्डाची गोष्ट त्यांना सांगा. ती सांगितल्याशिवाय तुमच्या पाकिटांचा अर्थ त्यांना कळणार नाही. ते आपले इमानेइतबारे पावत्या फाडत राहतील. ती सांगताना घसा दाटून येत असेल, तर त्याआधी नागपूरला एखाद्या समुपदेशकाकडे चार-सहा वेळा जाऊन यायला हरकत नाही.

तुम्ही स्वतःला ताणावर ठेवलेल्या झाडाची उपमा दिली आहे. मला ती पटली नाही. अंबियासाठी बगीचा ताणावर सोडणारा बागायतदार जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दोन महिने पाणी बंद ठेवतो, पण पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की जानेवारीत ताण तोडतो, म्हणजे पुन्हा पाणी देतो. केव्हा तोडायचा, याकडे त्याचे रोज लक्ष असते. तुमचे पाणी बंद करून किती वर्षे झाली आणि ताण तोडण्याची खूण कोणती ठरवली आहे, याचा तुमच्या पत्रात कुठेही उल्लेख नाही.

ओढ आणि एकटेपण यांतील फरक तुम्ही विचारला आहे. एकटेपणाची लाज वाटू देऊ नका. शेतीची वीज रात्री येते, बॅटरी घेऊन एकटीने मोटार सुरू करायला जावे लागते, परत येईपर्यंत आई जागी असते आणि बाबा झोपलेले असतात; अशा वेळी कोणी सोबत असावे असे वाटणे हा दोष नव्हे, आणि जगातील कितीतरी चांगल्या संसारांत हे कारण थोडेबहुत असतेच. पण फक्त तेवढेच आहे का, हे पाहायचे असेल तर रात्रीच्या वेळेवरून पाहू नये. ज्या वेळी तुम्ही एकट्या नसता, कामात असता, खुशीत असता, तेव्हा कोण आठवते ते पाहावे. तुमच्याच पत्रात आहे की नागपूरच्या कळमना बाजारात अपेक्षेपेक्षा चांगला भाव लागला, आजूबाजूला गावचीच चार माणसे होती, आणि तुम्ही वजनकाट्यावरून बाजूला जाऊन पहिला फोन त्यांना केला. आईला नंतर केला. नंतर ते नागपुरातच होते म्हणून दोघांनी सीताबर्डीला तर्री-पोहे खाल्ले आणि तुमचे पैसे तुम्ही दिले. एकटे वाटले म्हणून कोणी चांगल्या भावाचा फोन करत नाही. माझ्या मते तुम्हाला हा माणूस आवडतो, आणि हे तुम्हाला माझ्याही आधीपासून ठाऊक आहे. तुमच्या आईलाही ते ठाऊक असावे. एरवी ते येणार असले की पाटवडीचा रस्सा दोन माणसे वाढल्यासारखा का होतो, याचे दुसरे कारण मला सुचत नाही.

आवडणे आणि लग्न करणे यांत मात्र बरेच अंतर आहे, आणि ते अंबियाचा माल निघेपर्यंत संपलेच पाहिजे असे नाही. त्यांनी घातलेली मुदत ही सवलत आहे, ती तुमच्यासाठी शेवटची तारीख होऊ नये. दिवाळीनंतर, तोडणी आटोपल्यावर, "हो" किंवा "नाही" याऐवजी तुम्ही असेही सांगू शकता की मला एक वर्ष एकमेकांना उघडपणे भेटायचे आहे, दोन्ही घरच्यांना सांगून, आणि त्यानंतर ठरवायचे आहे. गावात चर्चा होईल. ती आजही होत असणारच. त्यांची मोटारसायकल तुमच्या धुऱ्यावर उभी असते, ती काही अदृश्य नाही. चोरून भेटण्यापेक्षा आई-बाबांच्या देखत भेटलेल्यांची चर्चा लवकर शिळी होते. या वर्षभरात एकच गोष्ट नीट पाहा: तुम्ही एखाद्या बाबतीत ठाम नकार दिलात, तर पुढच्या आठवड्यात ते तसेच वागतात का, की नकार हळूहळू वळवण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या लग्नात तुमचा नकार कसा वळवला गेला, ते तुम्ही विसरला नसाल.

राहायचे कुठे, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिला आहे आणि तोच कदाचित सर्वांत अवघड आहे. तुम्ही बाबांना आणि बगीच्याला सोडून सासरी जाऊ शकत नाही. ते तुमच्याकडे आले तर लोक घरजावई म्हणतील, आणि नर्सरीतील कलमांनाही रोज माणूस लागतो. दोन्ही गावांत चौदा किलोमीटरचे अंतर आहे; ते रोज जाण्या-येण्याचे अंतर आहे. त्यांनी तुमच्याकडे राहून सकाळी नर्सरीवर जावे, की आठवड्यातील काही दिवस इकडे आणि काही तिकडे असावे, हे मुलीची शाळा आणि त्यांची आई यांच्या सोयीने ठरेल. पण घरजावई हा शब्द त्यांना कितपत बोचतो, हे आधी विचारून घ्या. "लोक काही म्हणोत" असे पटकन म्हणणाऱ्यापेक्षा, "बोचेल, पण निभावून नेईन" असे म्हणणाऱ्यावर मी जास्त भरवसा ठेवीन. पैशाचेही याच वेळी ठरवावे. बगीच्याचे खाते तुमच्या नावावर वेगळे, नर्सरीचे त्यांच्या नावावर वेगळे, घरखर्चाला दोघांनी दरमहा ठरलेली रक्कम घालायची, आणि कोणाचेही कार्ड दुसऱ्याच्या खिशात जायचे नाही. हे लग्नाआधी बोलताना ज्याला अपमान वाटेल, त्याच्याशी पुढे बोलायची गरज उरणार नाही. लग्न नोंदणी पद्धतीने, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचे झाले तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आतापासूनच काढून ठेवा.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारले आहे की मुलगी रविवारी बगीच्यात यायचा हट्ट धरते, तर तिला येऊ द्यावे का. अवश्य येऊ द्यावे. मात्र लग्नाविषयी तिला काय आणि केव्हा सांगायचे, हे तिच्या वडिलांनी ठरवावे आणि त्यांनीच सांगावे. तुम्ही कोणतेही आश्वासन देऊ नये आणि तिने "आई" म्हणावे अशी वाटही पाहू नये. तिची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, म्हणजे आई तिला चांगली आठवत असणार. तुमच्याकडे ती आली तर तिला पाहुण्यासारखे ओसरीवर बसवून ठेवण्यापेक्षा काम द्यावे, मुलांना ते आवडते. तोडणीच्या दिवसांत तिच्या हातात कात्री द्या आणि फळ ओढून न तोडता देठ ठेवून कसे कापायचे ते दाखवा, कारण ओढलेल्या फळाची देठाजवळची साल निघते आणि तसा माल कळमन्याला पाठवण्यात अर्थ नसतो.